जुन्या डेस्कटॉपमधील कपॅसिटर निकामी होत आहेत हे कसे ओळखावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः २००० ते २०१० या काळात तयार झालेल्या डेस्कटॉप संगणकांविषयी आहे. असे संगणक आजही छापखान्यांत, प्रयोगशाळांत, वजनकाट्यांवर आणि लहान कारखान्यांत कामावर आहेत, कारण त्यांना जोडलेले यंत्र नव्या विंडोजवर चालत नाही किंवा त्याला जुना सिरीअल पोर्टच लागतो. त्यांपैकी कित्येक संगणक ‘बोर्ड गेला’ एवढ्या एका निदानावर भंगारात निघतात, आणि खरे पाहता बिघडलेला असतो तो पुष्कळदा काही रुपयांचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारा छोटा भाग. निदानाला हात घालण्यापूर्वी एक काम मात्र आधी करावे : संगणक अजून सुरू होत असेल, तर त्यातील सर्व महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. पुरवठा डळमळीत असताना हार्ड डिस्कवर चुकीचे लिहिले जाण्याची शक्यता असते, आणि माहिती गेली तर ती कपॅसिटर बदलून परत येत नाही.

कपॅसिटर निकामी होतो म्हणजे नेमके काय होते?

येथे विषय आहे तो ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा, म्हणजे मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात) उभ्या असलेल्या, प्लॅस्टिकच्या वेष्टनातील लहान दंडगोलांचा. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये कागद आणि त्या कागदात मुरलेला विद्युतवाहक द्रव अशी गुंडाळी असते. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विद्युतरोधकाचे काम करतो. खालून रबरी बूच असते आणि त्यातून दोन पाय बाहेर येतात.

हा भाग दोन प्रकारे बिघडतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतील द्रव बुचातून हळूहळू उडून जातो आणि कपॅसिटर सुकतो. हे म्हातारपण आहे आणि ते प्रत्येकाला येते. दुसऱ्या प्रकारात द्रवातील पाणी ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करते, हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढतो आणि डबा फुगतो किंवा फुटतो. यात वय कमी असले तरी सुटका नसते. दोन्ही प्रकारांत साठवणक्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. संगणकाला त्रास होतो तो बहुतेक वेळा या वाढलेल्या अंतर्गत रोधामुळे, म्हणून त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कोणत्या लक्षणांवरून संशय घ्यावा?

अनियमितपणा हे सर्वांत बोलके लक्षण आहे. संगणक काम करता करता अचानक गोठतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो, निळा पडदा येतो पण प्रत्येक वेळी त्यावरील संकेतांक वेगळा असतो, पॉवरचे बटण पाच-सहा वेळा दाबल्यावर कधीतरी पंखा फिरू लागतो, स्लीपमध्ये गेलेला संगणक जागा होत नाही, विंडोज नव्याने बसवताना प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी अडकते. जड काम सुरू केले की, उदाहरणार्थ व्हिडिओ किंवा मोठी छपाई, बिघाडाचे प्रमाण वाढते, कारण तेव्हा प्रोसेसर जास्त प्रवाह ओढतो आणि कमजोर कपॅसिटरला ती अचानक वाढलेली मागणी पेलत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की अनेक जण एसएमपीएस खराब ठरवून मोकळे होतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. त्यामागचे कारण वीज जाणे असू शकते, उष्णता असू शकते किंवा रॅमही असू शकते.

आपल्याकडे, जिथे इन्व्हर्टर घरोघरी आहे, तिथे आणखी एक उपयुक्त खूण मिळते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर येईपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत पूर्वी जो संगणक चालू राहत असे, तो आता त्याच इन्व्हर्टरवर दर वेळी बंद पडू लागला असेल, तर एसएमपीएसमधील मोठ्या, उच्च व्होल्टेजच्या कपॅसिटरची साठवण घटली असण्याची दाट शक्यता आहे. एटीएक्स या डेस्कटॉप संगणकांच्या प्रमाणानुसार वीज खंडित झाल्यावरही पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद पुरवठा टिकला पाहिजे, आणि ती जबाबदारी या मोठ्या कपॅसिटरांचीच असते. मात्र इन्व्हर्टरची बॅटरी जुनी नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

सकाळी संगणक सुरू होत नाही, पण एकदा सुरू झाला की दिवसभर चालतो. असे का?

सुकत चाललेल्या कपॅसिटरचे हे जवळजवळ नमुनेदार वागणे आहे. थंडीत आतील उरलासुरला द्रव घट्ट होतो आणि रोध वाढतो. यंत्र तापले की रोध कमी होऊन गाडी मार्गी लागते. म्हणूनच अशा तक्रारी डिसेंबर-जानेवारीत वाढतात. एसएमपीएसमधील नियंत्रक चिपला सुरुवातीची वीज देणारा छोटा कपॅसिटर, बहुधा १० ते ४७ मायक्रोफॅरड (साठवणक्षमतेचे एकक) आणि ५० व्होल्टचा, या बाबतीत सर्वाधिक दोषी आढळतो. तो आकाराने इतका लहान असतो की पाहणाऱ्याचे लक्ष मोठ्यांकडे जाते आणि हा सुटतो.

याची पडताळणी सोपी आहे. रात्रभर बंद असलेल्या संगणकाची पिन सॉकेटमधून काढावी, हेअर ड्रायरने एसएमपीएसच्या जाळीतून आत दोन-तीन मिनिटे कोमट हवा सोडावी आणि मग संगणक सुरू करून पाहावा. तो लगेच सुरू झाला, तर संशयाला चांगला आधार मिळाला. दुसऱ्या दिवशी हीच हवा मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास सोडून तुलना केल्यास दोष कोणत्या बाजूला आहे याचाही अंदाज येतो.

हीच लक्षणे रॅम, धूळ किंवा बॅटरीमुळेही येतात. मग फरक कसा करायचा?

स्वस्त आणि सोपी कारणे आधी बाद करावीत. हा क्रम आम्हाला अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण चालत्या बोर्डावर विनाकारण सोल्डरिंग केल्याने जितके बोर्ड जातात तितके दुर्लक्षाने जात नसावेत. धूळ काढावी, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी संपर्क स्वच्छ करून पुन्हा बसवाव्यात. मदरबोर्डवरील नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टच्या बरीच खाली गेली असेल, तर बदलावी. एक रॅम, अंगभूत ग्राफिक्स आणि कीबोर्ड एवढ्यावरच संगणक चालवून पाहावा.

मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा कार्यक्रम रात्रभर लावावा. खराब रॅममध्ये चुका सहसा त्याच त्या पत्त्यांवर येतात. चुका दर फेरीत वेगळ्या ठिकाणी येत असतील, रॅम बदलूनही येत असतील आणि तीच रॅम दुसऱ्या संगणकात निर्दोष ठरत असेल, तर रॅमला वीज देणाऱ्या मंडलाकडे, म्हणजे त्या खोबणींजवळच्या कपॅसिटरांकडे वळावे.

कॅबिनेट उघडल्यावर काय पाहायचे?

पिन काढून, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे आणि मग चांगल्या उजेडात, शक्यतो बाजूने टॉर्च धरून पाहावे. प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीची रांग सर्वांत आधी पाहावी, कारण तेथे उष्णताही सर्वाधिक आणि प्रवाहाची चढउतारही सर्वाधिक असते. त्यानंतर रॅमच्या खोबणी, एजीपी किंवा पीसीआय एक्स्प्रेसची खोबण, आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड.

चांगल्या कपॅसिटरची टोपी अगदी सपाट असते. तिच्यावर इंग्रजी के, एक्स किंवा टी या अक्षरांच्या आकाराच्या खाचा असतात. दाब वाढला तर धातू तेथून फाटावा आणि स्फोट टळावा म्हणून त्या मुद्दाम दिलेल्या असतात. टोपी किंचित जरी फुगली असेल तरी तो कपॅसिटर गेलाच असे धरावे. नजरेने ठरत नसेल, तर टोपीवर पोलादी पट्टीची कड आडवी ठेवून ती डोलते का ते पाहावे. खाचांतून तपकिरी, गंजासारखा थर बाहेर आलेला असेल, तर शंकेला जागाच राहत नाही. काही वेळा टोपी सपाट राहते आणि दाब खालचे रबरी बूच ढकलतो. अशा वेळी कपॅसिटर बोर्डपासून थोडा उचललेला किंवा एका बाजूला कललेला दिसतो आणि बुडाशी ओलसर डाग असतो.

एसएमपीएसमध्ये पाहताना एका गोष्टीने फसगत होते. मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्या बुडाशी फिकट पिवळसर गोंद लावतात आणि तो गळलेल्या द्रवासारखा दिसतो. गोंद टणक असतो व तो कपॅसिटरच्या अंगावर चढलेला असतो. मात्र तो उष्णतेने काळपट-तपकिरी झाला असेल, तर तोही निरुपद्रवी नाही. काही प्रकारचे जुने गोंद वयानुसार विद्युतवाहक होतात आणि शेजारच्या भागांचे पाय कुरतडतात. असा गोंद खरवडून काढणेच बरे.

एकही कपॅसिटर फुगलेला नाही. म्हणजे सर्व ठीक आहेत ना?

नाही. फुगणे हा दोषाचा पुरावा आहे; सपाट टोपी हा निर्दोषत्वाचा पुरावा नाही. सुकलेला कपॅसिटर वर्षानुवर्षे नव्यासारखा दिसतो. विशेषतः ८ मिलिमीटरपेक्षा लहान व्यासाच्या कपॅसिटरांपैकी बऱ्याच जणांना खाचा नसतात, आणि त्यांच्यात फुगण्याइतका वायूही तयार होत नाही. नेमके हेच लहान कपॅसिटर एसएमपीएसच्या स्टँडबाय मंडलात असतात.

स्टँडबाय मंडल म्हणजे संगणक बंद असतानाही ५ व्होल्टचा पुरवठा चालू ठेवणारा भाग. काही स्वस्त, जुन्या एसएमपीएसमध्ये हे मंडल दोन ट्रान्झिस्टरांच्या साध्या रचनेवर चाललेले असते, आणि त्यातील एक लहान कपॅसिटर सुकला की ५ व्होल्टचा पुरवठा बेसुमार वाढून मदरबोर्डच जळू शकतो. जुना बोर्ड वाचवायचा असेल आणि त्याचा एसएमपीएस हलक्या प्रतीचा असेल, तर एसएमपीएस आधी बदलावा, असा आमचा ठाम सल्ला आहे.

दोष एसएमपीएसमध्ये आहे की मदरबोर्डवर, हे कसे ठरवावे?

खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हा सर्वांत जलद मार्ग आहे, आणि तो उपलब्ध असेल तर इतर मोजमापांत वेळ घालवू नये. एक सावधगिरी : १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही डेल संगणकांत जोडणी दिसायला एटीएक्ससारखीच असते, पण तारांचा क्रम वेगळा असतो. तेथे साधा एसएमपीएस जोडल्यास बोर्ड किंवा एसएमपीएस जळतो. तारांचे रंग आधी जुळवून पाहावेत.

दुसरा एसएमपीएस नसेल, तर मल्टिमीटर डीसीवर ठेवून, संगणक चालू असताना आणि त्याला जड काम दिलेले असताना, वीस किंवा चोवीस पिनांच्या जोडणीत मागच्या बाजूने टोक घालून व्होल्टेज मोजावे. काळी तार ऋण. पिवळ्या तारेवर ११.४० ते १२.६०, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट असले पाहिजेत. जांभळी तार स्टँडबायची. संगणक बंद असतानाही तिच्यावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. करड्या तारेवर, पुरवठा स्थिर झाल्याचा संकेत म्हणून, सुरू झाल्यावर क्षणभराने सुमारे ५ व्होल्ट येतात. ते न आल्यास बोर्ड सुरूच होत नाही.

एसएमपीएस वेगळा काढून हिरवी तार काळीशी जोडून सुरू करण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते, पण भाराशिवाय केलेली ही चाचणी फारसे काही सांगत नाही. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा एक दिवा पिवळ्या तारेवर आणि तसाच दुसरा लाल तारेवर लावला, तर थोडाफार भार मिळतो. दिव्यांसह व्होल्टेज कोसळले किंवा एसएमपीएस बंद झाला, तर दोष तेथेच आहे. दिव्यांसह सर्व ठीक दिसले, तरी एसएमपीएस निर्दोष ठरला असे मात्र नाही, कारण खऱ्या संगणकाचा भार याहून बराच जास्त असतो.

व्होल्टेज बरोबर आहे, तरी संगणक गोठतो. मग काय?

मल्टिमीटर सरासरी दाखवतो. कपॅसिटरचे खरे काम त्या सरासरीवर तरंगणारी तरंगाकृती चढउतार, म्हणजे रिपल, दाबून ठेवण्याचे आहे. एटीएक्स प्रमाणानुसार १२ व्होल्टवर रिपल शिखरापासून तळापर्यंत १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट याहून जास्त नसावे. हे रिपल हजारो हर्ट्झचे असते आणि साध्या मल्टिमीटरची एसी श्रेणी तेथवर पोहोचत नाही. त्यामुळे तिच्यावर शून्य दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. बायोसमधील व्होल्टेजचे आकडेही सरासरीच असतात.

यासाठी ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची चढउतार पडद्यावर आलेखासारखी दाखवणारे यंत्र, हवा. बँडविड्थ २० मेगाहर्ट्झपर्यंत मर्यादित करावी, मोजण्याच्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर समांतर लावावा, आणि प्रोबची ऋण तार शक्य तितकी आखूड ठेवावी. लांब तार अँटेनाप्रमाणे बाहेरचा गोंगाट गोळा करते आणि चांगला एसएमपीएसही वाईट दिसू लागतो.

मल्टिमीटरवर कपॅसिटन्स (साठवणक्षमता) बरोबर येते. तरी कपॅसिटर खराब असू शकतो का?

होय, आणि हे वारंवार घडते. या ठिकाणी अंतर्गत रोधाचा, म्हणजे ईएसआरचा, विचार करावा लागतो. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असावी, पण खाली येणारी नळी गाळाने तुंबलेली असावी, तशी या कपॅसिटरची अवस्था असते : साठा आहे, पण तो गरजेच्या क्षणी बाहेर येत नाही. मल्टिमीटर सावकाश मोजतो, म्हणून त्याला साठा दिसतो. प्रोसेसरची मागणी मात्र मायक्रोसेकंदांत बदलते.

ईएसआर मीटर साधारण १०० किलोहर्ट्झवर मोजतो आणि टोकांवरचे व्होल्टेज इतके कमी ठेवतो की आसपासचे डायोड व ट्रान्झिस्टर चालूच होत नाहीत. त्यामुळे कपॅसिटर न काढताही चाचणी करता येते. मदरबोर्डवरील १००० मायक्रोफॅरड वा त्याहून मोठ्या, कमी रोधाच्या कपॅसिटरचा रोध नवा असताना साधारण १२ ते ३० मिलिओहम असतो. तो ०.१ ओहमच्या पुढे गेला असेल, तर कपॅसिटर बाद समजावा. एसएमपीएसमधील २२ मायक्रोफॅरडसारख्या लहान कपॅसिटरला हाच निकष लावू नये; तो नवा असतानाच अर्धा ते दोन ओहम दाखवू शकतो. उत्पादकाच्या तक्त्याशी, किंवा त्याच मूल्याच्या नव्या नगाशी, तुलना करणे सर्वांत चांगले.

बोर्डवर मोजताना एक अडचण उरते. प्रोसेसरजवळचे पाच-सहा कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले असतात, म्हणून मीटर सर्वांचा मिळून रोध दाखवतो आणि एखादा मेलेला असला तरी बाकीचे त्याला झाकून घेतात. अशा गटातील निदान एक तरी बाहेर काढून मोजावा. कपॅसिटन्स लिहिलेल्या मूल्यापेक्षा बरीच जास्त आली, तर आनंद मानू नये. आतून गळती करणारा कपॅसिटर मीटरला असाच फसवतो. कपॅसिटन्स किंवा ईएसआर मोजण्यापूर्वी कपॅसिटर पूर्ण रिकामा केलेला असावा, अन्यथा मीटर जळू शकतो.

२००३-०४ च्या आसपासचे संगणकच इतक्या मोठ्या प्रमाणावर का बिघडले?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपन्यांनी पाण्याचे प्रमाण जास्त असलेला द्रव वापरून अतिशय कमी रोधाचे कपॅसिटर स्वस्तात बनवायला सुरुवात केली. पाण्यामुळे द्रवाची वाहकता वाढते, पण ते ॲल्युमिनियमला खाते. म्हणून त्या द्रवात ही क्रिया रोखणारी रसायने नेमक्या प्रमाणात असावी लागतात. तैवानमधील काही उत्पादकांच्या द्रवात ती नव्हती किंवा अपुरी होती. सूत्र चोरताना अर्धेच हाती लागले, अशी कथा २००२-०३ च्या सुमारास व्यापारी व तांत्रिक नियतकालिकांतून पसरली. कथा काहीही असो, निकामी नगांच्या रासायनिक तपासणीतून द्रवातील घटकांची उणीव पुढे आली आणि दोषाचे स्वरूप त्यातून स्पष्ट होते.

तैवानच्या अबिट कंपनीने आपल्या मदरबोर्डांमधील ही अडचण जाहीरपणे मान्य केली. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० या कार्यालयीन संगणकांत निचिकॉन या नामांकित जपानी कंपनीच्या एचएन व एचएम मालिकांचे कपॅसिटर फुगले, आणि डेलला २००५ मध्ये या दुरुस्त्यांसाठी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. ॲपलनेही आयमॅक जी५ साठी दुरुस्तीची मुदत वाढवून दिली. म्हणजे केवळ नाव पाहून विश्वास ठेवणे जितके चुकीचे, तितकेच एका मालिकेवरून कंपनीला कायमचे बाद ठरवणेही चुकीचे. त्याच निचिकॉनच्या नंतरच्या मालिका आज उत्तम मानल्या जातात.

उन्हाळ्याचा आणि वापराच्या तासांचा किती परिणाम होतो?

ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसने कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २००० तास असे लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकावा. रोज आठ तास वापर असेल, तर ही जवळजवळ अकरा वर्षे झाली. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात तोच कपॅसिटर पावणेचार वर्षांत थकतो. त्याच जागी ८५ अंशांचा स्वस्त कपॅसिटर असेल, तर ८,००० तासच मिळतात. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असेल, जशी ती विदर्भात मे महिन्यात सहज असते, तर कॅबिनेटमधील तापमानही तेवढेच चढते आणि त्या काळापुरती झीज जवळजवळ तिप्पट वेगाने होते. एसएमपीएसचा पंखा अडकलेला असेल, तर हे सगळे हिशेब कोसळतात. पंखा दर वर्षी पाहावा.

बरीच वर्षे न वापरता ठेवलेल्या संगणकात वेगळी गोष्ट घडते : ऑक्साइडचा थर क्षीण होऊन गळती वाढते. अशा संगणकाला सुरुवातीला जड काम देऊ नये, आणि पहिल्या वेळी त्याला सोडून उठू नये.

एसएमपीएस स्वतः उघडावा का?

विद्युत दुरुस्तीचा अनुभव नसेल, तर उघडू नये. २३० व्होल्टची वीज डीसी झाल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि ती मोठ्या कपॅसिटरांत पिन काढल्यानंतरही राहू शकते. हा धक्का जीवघेणा असतो. अनुभवी व्यक्तीनेही आधी डीसी व्होल्टेज मोजावे, मग १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आवरणयुक्त तारांनी प्रत्येक मोठ्या कपॅसिटरच्या टोकांवर पंधरा-वीस सेकंद धरावा आणि पुन्हा मोजावे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय सोडून द्यावी. तिने ठिणगी उडते, भाग जळतात आणि डोळ्यांना इजा होते.

नवा कपॅसिटर निवडताना काय जुळवावे?

कपॅसिटन्स तीच, व्होल्टेज तेच किंवा एक पायरी वरचे, तापमान १०५ अंश आणि ईएसआर मूळच्या इतका किंवा त्याहून कमी. शेवटची अट विसरली जाते आणि दुरुस्ती महिनाभरात फसते. दुकानात सहज मिळणारा साधारण प्रतीचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मदरबोर्डवर चालत नाही. एसएमपीएसच्या आउटपुटसाठी पॅनासॉनिकच्या एफआर व एफएम, रुबिकॉनच्या झेडएलएच किंवा निचिकॉनच्या एचई या मालिका योग्य आहेत. प्रोसेसरजवळ याहूनही कमी रोध लागतो. व्यासही मोजावा : ८ मिलिमीटरच्या कपॅसिटरचे पाय ३.५ आणि १० मिलिमीटरचे ५ मिलिमीटर अंतरावर असतात, आणि हीटसिंकला टेकणारा जाडा कपॅसिटर बसतच नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, पण कोणत्याही बाजारात सुटा माल घेताना पाय पूर्ण लांबीचे आणि सोल्डर न लागलेले आहेत ना, वेष्टनावरील छपाई स्वच्छ आहे ना, हे पाहावे. शक्य तर अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत. दुसऱ्या बोर्डवरून काढलेले जुने कपॅसिटर वापरण्यात काहीच अर्थ नाही.

इलेक्ट्रोलिटिकच्या जागी पॉलिमर कपॅसिटर लावता येतील का?

पॉलिमर कपॅसिटरमध्ये द्रवाऐवजी घन, विद्युतवाहक पॉलिमर असते. प्रोसेसरला वीज देणाऱ्या मंडलाच्या आउटपुट बाजूला ते लावता येतात आणि उत्तमच ठरतात. त्यांचा रोध इतका कमी असतो की तेथे मूळच्या निम्मी कपॅसिटन्सही पुरते. मात्र संपूर्ण गट एकदम बदलावा. एसएमपीएसच्या आउटपुटवर हा प्रयोग करू नये. तेथील नियंत्रण मंडल जुन्या कपॅसिटरचा ठरावीक रोध गृहीत धरून आखलेले असते आणि तो एकदम नाहीसा झाला, तर पुरवठा अस्थिर होऊ शकतो.

एकच फुगला आहे. तेवढाच बदलला तर चालेल का?

त्याच कंपनीचे, त्याच मालिकेचे आणि त्याच जागेतील सर्व बदलावेत. ते एकाच दिवशी बसवलेले असतात आणि एकाच उष्णतेत राहिलेले असतात.

बोर्डवरून कपॅसिटर काढताना छिद्रे बुजतात किंवा उखडतात. काय करावे?

मदरबोर्ड चार किंवा अधिक थरांचा असतो आणि ऋण पाय आतील तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेला असतो. तो थर उष्णता शोषून घेतो, म्हणून २५ वॉटची साधी सोल्डरिंग आयर्न तेथे कमी पडते. तापमान-नियंत्रित, ६० वॉट किंवा त्याहून मोठी आयर्न आणि रुंद टोक हवे. २००६ नंतरच्या बहुतेक बोर्डांवर शिसेविरहित सोल्डर असते, जे सुमारे २१७ अंशांवर वितळते. त्यावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारे रसायन) आणि ६३/३७ प्रमाणाचे शिसेयुक्त सोल्डर मिसळावे. ते १८३ अंशांवर वितळते, आणि मिश्रण बराच वेळ पातळ राहते. मग एक पाय तापवून कपॅसिटर किंचित कलवावा, दुसरा तापवून उलट बाजूला कलवावा आणि अशा प्रकारे हळूहळू बाहेर काढावा. ओढू नये. छिद्राच्या आत तांब्याचा अस्तर असतो आणि तो आतील थरांना जोडतो. तो उखडला, तर बोर्ड वाचवणे फार कठीण होते. उरलेले सोल्डर डिसोल्डर पंपाने किंवा तांब्याच्या विकने (सोल्डर शोषणाऱ्या जाळीदार पट्टीने) काढावे. ड्रिल वापरू नये.

बसवण्यापूर्वी छायाचित्र काढून ठेवावे. कपॅसिटरवरील पट्टी ऋण बाजू दाखवते. बोर्डवरील रंगवलेला अर्धगोल बहुधा ऋण असतो, पण काही बोर्डांवर तो धन असतो, म्हणून मल्टिमीटरने ग्राउंड, म्हणजे ऋण बाजू, तपासूनच बसवावे. उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो; पहिल्यांदा वीज देताना चष्मा घालावा आणि चेहरा दूर ठेवावा. गळलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा.

कपॅसिटर बदलले, तरी संगणक सुरू होत नाही.

सर्वप्रथम स्वतःचे काम भिंगाखाली पाहावे : सोल्डरचा पूल, अपुरा वितळलेला सांधा, उलटा बसलेला नग. त्यानंतर प्रोसेसरजवळच्या मॉस्फेटांचा (प्रोसेसरचा वीजपुरवठा चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरांचा) शॉर्ट तपासावा. कपॅसिटर मेलेले असताना महिनोन्‌महिने चालवलेल्या बोर्डवर मॉस्फेट जास्त तापतात आणि कधी कधी तेही सोबत जातात. तसे झाले असेल, तर दुरुस्ती शक्य असली तरी खर्च वाढतो, आणि तोच बोर्ड एखाद्या खास यंत्रासाठी लागत नसेल, तर येथे थांबणे शहाणपणाचे.

संगणक सुरू झाला. दुरुस्ती पक्की झाली हे कसे समजावे?

बोर्ड कॅबिनेटबाहेर ठेवून, एकच रॅम लावून पहिला अर्धा तास नव्या कपॅसिटरांवर लक्ष ठेवावे. कोणताही नग शेजाऱ्यांपेक्षा जास्त गरम होता कामा नये. मग मेमटेस्ट८६+ रात्रभर, आणि त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा कार्यक्रम दोन तास चालवावा. त्या वेळी पिवळ्या व लाल तारांवरील व्होल्टेज पुन्हा मोजून लिहून ठेवावे. थंड अवस्थेतील सुरुवात वेगळी तपासावी लागते, म्हणून संगणकाची पिन रात्रभर काढून ठेवावी आणि सकाळी पहिल्याच बटणाला तो सुरू होतो का, हे लागोपाठ काही दिवस पाहावे. मूळ तक्रार इन्व्हर्टरवर बंद पडण्याची असेल, तर मुख्य स्विच बंद करून तीही चाचणी घ्यावी. बदललेल्या कपॅसिटरांची मूल्ये, मालिका आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावी. पुढच्या वेळी यंत्र उघडणाऱ्या माणसाला तिचा मोठा उपयोग होतो.